उष्ण कटिबंधीय कठीण लाकडावरील खरेदी-निर्बंध, स्थानिक शासनांचे

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण व दमट अरण्यांतून तोडलेले कठीण लाकूड सार्वजनिक पैशातून विकत घेऊ नये, किंवा ठराविक अटी पूर्ण होत असतील तरच घ्यावे, असा नगरपालिका, प्रांत वा घटक राज्ये यांनी स्वतःच्या खरेदीवर घातलेला निर्बंध. असे निर्बंध मुख्यतः प. यूरोप, अमेरिकेची संयुक्त संस्थाने व जपान या लाकूड आयात करणाऱ्या प्रदेशांत १९८५ नंतरच्या काळात घालण्यात आले. आयातबंदीहून हा निर्बंध वेगळा आहे. आयातबंदी राष्ट्राचे शासन घालते व ती सर्व व्यापाऱ्यांवर बंधनकारक असते. खरेदी-निर्बंधात शासकीय संस्था एक गिऱ्हाईक म्हणून आपल्यापुरता निर्णय घेते. खाजगी व्यक्तींना तेच लाकूड विकत घेण्याची मोकळीक राहते. या निर्बंधांचे बळ आणि त्यांच्या मर्यादा यांचा उगम याच भेदात आहे.

लाकूड व त्याचे सार्वजनिक उपयोग : वनस्पतिशास्त्रात रुंद पानांच्या वृक्षांच्या लाकडास ‘कठीण’ व सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडास ‘मऊ’ म्हणतात. ही वर्गवारी प्रत्यक्ष कठिनतेवर आधारलेली नाही; म्हणूनच अत्यंत हलके असे बाल्साचे लाकूडही ‘कठीण’ लाकडातच मोडते. उष्ण कटिबंधातील साग (टेक्टोना ग्रँडिस), मॅहॉगनी, मेरांती, ग्रीनहार्ट, एक्की किंवा अझोबे (लोफिरा अलाटा), इपे इ. लाकडे व्यापारात महत्त्वाची आहेत.

नगरांना या लाकडांची गरज प्रामुख्याने पाण्याकाठच्या बांधकामांसाठी पडते. बंदराच्या धक्क्यांसाठी पाण्यात ठोकलेले खांब (स्थूणा), कालव्यांची दारे, लहान पूल, समुद्रकाठचे फळ्यांचे पादचारी मार्ग, उद्यानांतील बाके यांना ऊन, पाऊस, कुजविणारी कवके आणि लाकूड पोखरणारे सागरी प्राणी यांना दाद न देणारे लाकूड लागते. द. अमेरिकेतील गुयानाचे ग्रीनहार्ट पाण्यात बुडण्याइतके जड असून टेरेडोसारख्या पोखरणाऱ्या प्राण्यांना ते बराच काळ टक्कर देते. प. आफ्रिकेतील एक्की नेदर्लंड्सच्या जलबांधकामांत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. समशीतोष्ण प्रदेशातील सामान्य लाकूड अशा जागी वापरावयाचे, तर त्यात विषारी परिरक्षक रसायने दाबाने भरावी लागतात. त्यांचा काही अंश पाण्यात व मातीत उतरतो. त्यामुळे या लाकडाला पर्याय शोधणे हा शोभेच्या वस्तूस पर्याय शोधण्याइतका सोपा प्रश्न नव्हता. जपानमधील स्थिती याच्या अगदी उलट होती. तेथे आग्नेय आशियातील लाकडापासून केलेल्या प्लायवुडचे तक्ते काँक्रीट ओतण्याच्या साच्यांसाठी (सेंट्रिंगसाठी) वापरीत आणि मोजक्या वापरांनंतर टाकून देत. शतकभर वाढलेल्या वृक्षाचा असा क्षणिक उपयोग पुढे टीकेचा मुख्य विषय ठरला.

पूर्वपीठिका : उष्ण कटिबंधीय लाकडाच्या व्यापारात शासन हे मोठे गिऱ्हाईक असणे ही गोष्ट नवी नाही. यूरोपातील ओकची टंचाई भासू लागल्यावर ब्रिटिश नौदलाची दृष्टी भारतातील सागाकडे वळली. १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली व जहाजबांधणीसाठी सागावर मक्तेदारी लादण्यात आली. स्थानिक जमीनमालक व व्यापारी यांच्या असंतोषामुळे १८२३ मध्ये ही व्यवस्था रद्द करावी लागली. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील जहाजबांधणी तज्ञांनी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे. शासकीय मागणीमुळे दूरच्या अरण्यांवर काय परिणाम होतो, हे या इतिहासावरून दिसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हाच संबंध उलट दिशेने वापरण्याचा प्रयत्न झाला : मागणीमुळे अरण्य तुटते, तर मागणी आवरल्याने ते वाचेल, अशी ही विचारसरणी होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर यांत्रिक करवती, बुलडोझर व जंगलातील नवे रस्ते यांमुळे तोडीचा वेग वाढला. प्रथम फिलिपीन्स, नंतर इंडोनेशिया व मलेशियातील साबाह आणि सारावाक ही राज्ये जपानचे पुरवठादार बनली, प. आफ्रिकेतून यूरोपला माल जाऊ लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १९८१–९० या दशकात उष्ण कटिबंधातील अरण्ये दरवर्षी सरासरी १.५४ कोटी हेक्टरांनी घटली. उत्पादक व ग्राहक देशांना एकत्र आणणारा आंतरराष्ट्रीय उष्ण कटिबंधीय लाकूड करार १९८३ मध्ये झाला व त्यानुसार १९८६ मध्ये जपानमधील योकोहामा येथे संघटना स्थापन झाली. या संघटनेसाठी डंकन पूर या वनशास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पाहणीचे निष्कर्ष १९८९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. लाकूड उत्पादनास योग्य अशा सु. ८२.८ कोटी हेक्टर उष्ण कटिबंधीय अरण्यांपैकी १० लाख हेक्टरांहूनही कमी क्षेत्रात सातत्यपूर्ण उत्पादनाच्या तत्त्वानुसार व्यवस्थापन होत असल्याचे तीत आढळले. हे प्रमाण एक टक्क्याच्या एक-अष्टमांशाहून कमी होते. याचा अर्थ असा, की सचोटीने चांगले लाकूड घेऊ इच्छिणाऱ्या नगरपालिकेलाही ते बाजारात मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

याच सुमारास सारावाकमधील पेनान या वनवासी जमातीने मार्च १९८७ पासून लाकूडतोडीचे रस्ते अडविण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी तेथील वनकायद्यात दुरुस्ती होऊन असा अडथळा हा गुन्हा ठरविण्यात आला. या घटनांच्या बातम्या यूरोप व जपानमध्ये पोहोचल्या आणि लाकडाच्या प्रश्नाला वृक्षांबरोबरच माणसांच्या हक्काचीही बाजू आहे, हे तेथील नागरिकांच्या लक्षात आले. यूरोपीय संसदेने जुलै १९८८ मध्ये सारावाकच्या लाकडाची आयात स्थगित करावी असा ठराव केला. परंतु यूरोपीय आयोगाने तो अंमलात आणला नाही. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय पातळीवर मार्ग खुंटल्याने पर्यावरणवादी संघटना नगर परिषदांकडे वळल्या.

निर्बंधांचा प्रसार : ग्रेट ब्रिटनमध्ये ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ या संघटनेच्या मोहिमेनंतर अनेक स्थानिक परिषदांनी आपल्या इमारतींच्या खिडक्या, दारे व जडकाम यांत उष्ण कटिबंधीय लाकूड न वापरण्याचे ठराव केले. जर्मनीतील शेकडो नगरपालिकांनी व नेदर्लंड्समधील बऱ्याच नगरपालिकांनी तोच मार्ग अनुसरला. अमेरिकेत सॅन फ्रॅन्सिस्को शहराने १९९० मध्ये खरेदीबंदीचा नियम केला. न्यूयॉर्क राज्याचा कायदा १९९१ पासून लागू झाला. जपानमध्ये टोकिओसह अनेक स्थानिक शासनांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सार्वजनिक बांधकामांतील सेंट्रिंगसाठी उष्ण कटिबंधीय प्लायवुडचा वापर कमी करण्याचे धोरण स्वीकारले. तेथे पूर्ण बंदीऐवजी टप्प्याटप्प्याने घट, समशीतोष्ण प्रदेशातील लाकडाचे प्लायवुड आणि पुन्हापुन्हा वापरता येणारे साचे यांवर भर होता.

या ठरावांचा प्रशासकीय खर्च फारसा नव्हता. निविदेच्या अटींत एक वाक्य घालणे पुरेसे असे. त्यामुळे ते झपाट्याने पसरले. पण त्याच कारणाने त्यांची अंमलबजावणी बहुधा ढिली राहिली. चिरलेल्या, रंगविलेल्या वा प्लायवुडच्या रूपातील लाकूड कोणत्या वृक्षाचे व कोणत्या अरण्यातले, हे ओळखणे भांडार अधिकाऱ्याच्या आवाक्यात नव्हते. लाकूड एका देशात तोडून दुसऱ्यात चिरले व तिसऱ्यात जोडले जाई. कागदपत्रांत शेवटच्या देशाचेच नाव उरे.

उत्पादक देशांचा विरोध : या निर्बंधांना सर्वांत तीव्र विरोध मलेशियाने केला. पंतप्रधान महाथिर मोहंमद यांनी १९८७ मध्ये एका ब्रिटिश शाळकरी मुलाच्या पत्रास दिलेले सडेतोड उत्तर त्या काळी जगभर गाजले. लाकूड उद्योगावर आपल्या देशातील असंख्य गरिबांची उपजीविका चालते. ज्यांनी स्वतःची अरण्ये तोडून शेती व उद्योग उभारले, त्यांनी इतरांना उपदेश करू नये, असा त्यांचा आशय होता. या युक्तिवादात राजकीय सोय होती, हे खरे. सारावाकमधील तोडीचे परवाने कोणाच्या हाती होते, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. तथापि निर्बंधांतील एका मूलभूत दोषावर त्याने बोट ठेवले होते. बंदी अक्षांश पाहून घातली जात होती. तोड कशी झाली, हे पाहून नव्हे. सातत्यपूर्ण उत्पादन करणारा उष्ण कटिबंधीय वनविभाग तिच्या कक्षेत येई, तर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील शेकडो वर्षांचे सूचिपर्णी अरण्य सरसकट तोडणारी कंपनी सुटे. १९९३ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील क्लेक्वॉट साउंड येथे अशाच तोडीविरुद्ध झालेल्या सत्याग्रहात ८०० हून अधिक लोकांना अटक झाली, तेव्हा या विसंगतीची प्रचिती उत्तरेकडील जनतेलाही आली. सॅन फ्रॅन्सिस्कोने पुढे आपल्या बंदीत कॅलिफोर्नियातील प्राचीन रेडवुडचाही समावेश केला.

उत्पादक देशांच्या विरोधाचे बळ ऑस्ट्रियाच्या उदाहरणावरून दिसते. १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने राष्ट्रीय कायदा करून उष्ण कटिबंधीय लाकडावर तसे लेबल लावणे सक्तीचे केले. आग्नेय आशियातील देशांनी जकात व व्यापार यांविषयीच्या सर्वसाधारण कराराच्या (गॅटच्या) मंडळात हा भेदभाव असल्याची तक्रार केली आणि ऑस्ट्रियन मालावर बहिष्काराचा इशारा दिला. १९९३ मध्ये ऑस्ट्रियाला ही सक्ती मागे घ्यावी लागली. जून १९९२ मध्ये रीओ दे जानेरो येथील पृथ्वी परिषदेत बंधनकारक वनकरार व्हावा, असा श्रीमंत देशांचा प्रयत्न मलेशिया व भारत यांच्या पुढाकाराने हाणून पाडण्यात आला. भारताची बाजू तेव्हाचे पर्यावरणमंत्री कमलनाथ यांनी मांडली. त्याऐवजी संमत झालेल्या, बंधनकारक नसलेल्या ‘वन तत्त्वां’त आंतरराष्ट्रीय दायित्वांशी विसंगत असे लाकूड व्यापारावरील एकतर्फी निर्बंध काढून टाकावेत वा टाळावेत, असे कलम घालण्यात आले.

कायदेशीर बाजू : ऑस्ट्रियासारख्या सार्वभौम राष्ट्राला जे जमले नाही, ते नगरपालिकांना कसे जमले, याचे उत्तर व्यापार कायद्याच्या रचनेत आहे. १९४७ च्या गॅट करारातील तिसऱ्या कलमाने देशी व परदेशी मालास समान वागणूक देणे आवश्यक केले होते. परंतु त्याच कलमाच्या आठव्या परिच्छेदाने शासनाच्या स्वतःच्या वापरासाठी होणारी खरेदी या नियमातून वगळली होती. १९७९ मध्ये शासकीय खरेदीविषयी स्वतंत्र संहिता झाली. तथापि तिची व्याप्ती केंद्रीय शासनांच्या खात्यांपुरतीच होती. स्थानिक संस्था त्या काळात या दोन्ही तरतुदींच्या कक्षेबाहेर राहिल्या.

देशांतर्गत कायदा मात्र नेहमीच अनुकूल नव्हता. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध ब्रिटिश स्थानिक परिषदांनी केलेल्या बहिष्कारांना आळा घालण्याच्या हेतूने स्थानिक शासन अधिनियम १९८८ च्या सतराव्या कलमाने कंत्राटे देताना ‘व्यापारेतर बाबी’ विचारात घेण्यास मनाई केली. या बाबींत मालाच्या मूळ देशाचाही उल्लेख होता. परिणामी एखाद्या देशाचे लाकूड नको, असे ब्रिटिश परिषदेस म्हणता येत नसे. कोणता पदार्थ हवा व कोणत्या गुणवत्तेचा, एवढेच तिला निविदेत सांगता येई.

१९९४ मध्ये माराकेश येथे झालेला शासकीय खरेदीचा नवा करार १९९६ पासून अंमलात आला व त्याने सहभागी देशांतील अनेक प्रांतिक आणि स्थानिक संस्थांनाही आपल्या कक्षेत घेतले. याची कसोटी लाकडाऐवजी ब्रह्मदेशाच्या (म्यानमारच्या) निमित्ताने लागली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याने १९९६ मध्ये, त्या देशाशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांकडून खरेदी करण्यावर निर्बंध घातले. यूरोपीय संघ व जपान यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. त्यावर तेथे निर्णय होण्यापूर्वीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हा राज्य कायदा संघराज्याच्या कायद्याशी विसंगत म्हणून एकमताने रद्दबातल ठरविला. यातून स्थानिक संस्थांना एक मर्यादा उमगली. परराष्ट्राला शिक्षा देण्यासाठी खरेदीचा अधिकार वापरला, तर तो टिकत नाही. वस्तूच्या गुणांविषयी व तिच्या उत्पादनाच्या रीतीविषयी अटी घातल्या, तर टिकण्याचा संभव अधिक. २०१४ पासून लागू झालेल्या सुधारित खरेदी-करारात नैसर्गिक संपत्तीच्या संरक्षणासाठी तांत्रिक अटी घालण्यास स्पष्ट मुभा देण्यात आली.

न्यूयॉर्कचे उदाहरण : निर्बंधांचे प्रत्यक्ष आचरण किती कठीण असते, हे न्यूयॉर्कमध्ये दिसून येते. न्यूयॉर्क राज्याच्या वित्त कायद्याने उष्ण कटिबंधीय कठीण लाकडांच्या ठराविक जातींची यादी देऊन राज्याच्या संस्था व नगरपालिका यांच्या कंत्राटांत त्यांच्या वापरास मनाई केली. मात्र योग्य पर्याय उपलब्ध नसल्यास वा खर्च मर्यादेपलीकडे वाढत असल्यास सूट होती. अशा अपवादांमुळे न्यूयॉर्क शहरात हे लाकूड येत राहिले. कोनी आयलंड येथील १९२३ मध्ये खुल्या झालेल्या प्रसिद्ध समुद्रकाठच्या मार्गाच्या दुरुस्तीत ब्राझीलमधील इपेच्या फळ्या बसविण्यात येत. उद्यानांतील बाके व बोटींचे धक्के यांतही अशी लाकडे होती. शहराच्या बंदरातील पाणी प्रदूषणनियंत्रणामुळे स्वच्छ झाल्यावर लाकूड पोखरणारे सागरी प्राणी तेथे परतले व जुन्या खांबांची नासाडी करू लागले. पर्यावरण सुधारल्यानेच कणखर लाकडाची गरज वाढावी, असा हा विचित्र योग होता.

फेब्रुवारी २००८ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी शहराचा उष्ण कटिबंधीय लाकडाचा वापर कमी करण्याची योजना जाहीर केली. नव्या आराखड्यांत हे लाकूड टाळावे आणि काँक्रीट, पुनश्चक्रित प्लॅस्टिक व देशी लाकडे यांचे प्रयोग करावेत, असे तीत ठरले. कोनी आयलंडच्या काही भागांत काँक्रीट व प्लॅस्टिक बसविण्यास रहिवाशांनी मात्र विरोध केला. लाकडी फळ्यांचा मार्ग हा त्यांच्या दृष्टीने वारशाचा भाग होता. २०१८ मध्ये या मार्गास संरक्षित दर्जाही मिळाला. ऑक्टोबर २०१२ मधील सँडी वादळात वाहून गेलेला रॉकअवे येथील सु. नऊ किमी. लांबीचा मार्ग शहराने काँक्रीटमध्ये बांधला व तो २०१७ मध्ये पूर्ण झाला. काँक्रीट अधिक टिकते. पण त्यातील सिमेंटच्या निर्मितीत कार्बन डाय-ऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. अशा रीतीने एका पर्यावरणीय हानीच्या जागी दुसरी येते की काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. लाकडाबरोबरच गोमांस, सोयाबीन, पाम तेल, कॉफी इ. वनविनाशास कारणीभूत ठरणाऱ्या वस्तूंनाही शासकीय खरेदीच्या अटी लागू करणारे विधेयक राज्य विधिमंडळाने २०२३ मध्ये संमत केले. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठविले.

बंदीकडून प्रमाणपत्राकडे : सरसकट बंदीवरील आक्षेपांतून एक नवी पद्धत निर्माण झाली. लाकूड कोणत्या कटिबंधातले, याऐवजी ते कशा रीतीने तोडलेले, हे विचारावयाचे, तर त्याची तटस्थ साक्ष हवी. या गरजेपोटी पर्यावरण संघटना, व्यापारी व वनवासींचे प्रतिनिधी यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये कॅनडातील टोराँटो येथे ‘फॉरेस्ट स्ट्यूअर्डशिप कौन्सिल’ ही संस्था स्थापन केली. अरण्याची पाहणी करून प्रमाणपत्र देणे व तोडलेल्या ओंडक्यापासून दुकानातील फळीपर्यंत मालाचा माग ठेवणे, ही तिच्या कार्याची दोन अंगे होत. १९९९ मध्ये यूरोपातील वनमालकांच्या पुढाकाराने दुसरी प्रमाणन योजना सुरू झाली. बंदीला कडाडून विरोध करणाऱ्या मलेशियानेही १९९८ मध्ये राष्ट्रीय प्रमाणन मंडळ स्थापन केले व त्याच्या योजनेस २००९ मध्ये या दुसऱ्या योजनेची मान्यता मिळाली. नगरपालिकांच्या ठरावांचा सर्वांत टिकाऊ परिणाम बहुधा हाच होय.

हा बदल सहज घडला नाही. नेदर्लंड्समध्ये शासन, व्यापारी व संघटना यांनी १९९३ मध्ये करार करून १९९५ अखेर केवळ सातत्यपूर्ण रीतीने मिळविलेले लाकूडच वापरण्याचे उद्दिष्ट ठरविले. ते मुदतीत साध्य झाले नाही. ब्रिटनच्या मध्यवर्ती शासनाने २००० मध्ये आपल्या खात्यांना कायदेशीर व सातत्यपूर्ण स्रोतांचे लाकूड घेण्याचे आदेश दिले. असे असूनही, एप्रिल २००२ मध्ये लंडनमधील मंत्रिमंडळ कचेरीच्या नूतनीकरणात आफ्रिकेतील सापेली लाकडाची दारे बसविली जात असल्याचे ‘ग्रीनपीस’च्या कार्यकर्त्यांनी उघडकीस आणले. जर्मनीच्या संघीय शासनाने २००७ मध्ये आपल्या खरेदीस प्रमाणपत्राची अट घातली. टोकिओतील ऑलिंपिकसाठीच्या नव्या राष्ट्रीय क्रीडागाराच्या बांधकामावर २०१७ मध्ये सारावाकचे सेंट्रिंग-प्लायवुड आढळल्याने जुना वाद पुन्हा उफाळला. आदेश निघणे व तो ठेकेदाराच्या गुदामापर्यंत पोहोचणे यांतील अंतर अशा प्रसंगी उघड होते.

पुढे ही जबाबदारी खरेदीदाराकडून बाजाराकडे सरकू लागली. अमेरिकेने २००८ मध्ये लेसी कायद्यात दुरुस्ती करून अवैध लाकडाचा व्यापार गुन्हा ठरविला. यूरोपीय संघाचा तशाच आशयाचा नियम मार्च २०१३ पासून लागू झाला. संघाने २०२३ मध्ये केलेल्या नव्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर वनविनाश झालेल्या जमिनीवरील लाकूड, पाम तेल, सोयाबीन, कॉफी, कोको, रबर व गुरांपासूनची उत्पादने यांस बाजार बंद करण्याची तरतूद आहे. त्याची अंमलबजावणी मात्र पुढे ढकलण्यात आली. संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या पानाची मॅहॉगनी २००३ पासून, तर इपे २०२४ पासून नियंत्रित व्यापाराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली.

भारतातील स्थिती : भारतात शासकीय लाकूड खरेदीवर निर्बंध आले, ते परदेशी अरण्यांसाठी नव्हेत, तर देशातील अरण्ये वाचविण्यासाठी. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने लाकडास पर्यायी पदार्थ वापरण्यावर भर दिला. तिला अनुसरून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यास बंदी केली. रेल्वेनेही लाकडी स्लीपरांऐवजी काँक्रीटचे स्लीपर वापरण्यास सुरुवात केली होती. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशाने नैसर्गिक अरण्यांतील तोडीवर कडक नियंत्रण आले. लोकांची लाकडाची गरज मात्र कमी झाली नाही. खाजगी बांधकाम व फर्निचर उद्योगासाठी मलेशिया, म्यानमार इ. देशांतील ओंडक्यांची आयात वाढत गेली. देशातील अरण्यावरचा भार काही अंशी दुसऱ्याच्या अरण्यावर पडला. सारावाकच्या लाकडाला यूरोपातील नगरपालिकांनी नकार दिला, तरी आशियातील गिऱ्हाईक होतेच.

२०२० मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने २७ वर्षांची ही बंदी उठविली. लाकडात कार्बन साठून राहतो, पोलाद व सिमेंटच्या मानाने त्याच्या निर्मितीस ऊर्जा कमी लागते आणि शेतांच्या बांधावरील वृक्षांना मागणी आल्यास शेतकऱ्याला उत्पन्न मिळते, अशी कारणे यामागे होती. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून घेण्यात आले. देशातील सागाची बरीच पैदास नियोजित लागवडीतून होत असल्याने, उष्ण कटिबंधीय लाकूड म्हणजे वनविनाशच, हे समीकरण येथे सरसकट लागू पडत नाही.

मूल्यमापन : या निर्बंधांनी उष्ण कटिबंधातील तोड थेट किती थांबविली, या कसोटीवर त्यांचे यश अल्प म्हणावे लागेल. उष्ण कटिबंधात तोडल्या जाणाऱ्या लाकडाचा फार मोठा भाग जळण म्हणून वा त्या त्या देशातच वापरला जातो. आंतरराष्ट्रीय व्यापारात त्याचा लहानसा हिस्सा येतो व नगरपालिकांची खरेदी हा त्याचाही एक अंश होय. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अरण्य नष्ट होण्याचे प्रमुख कारण गुरांची कुरणे हे आहे. अर्थशास्त्रज्ञांनी आणखी एक धोका दाखविला : लाकडाला किंमत न राहिल्यास अरण्य राखण्याचे प्रलोभन संपते व ती जमीन शेतीखाली जाते. सारावाक व साबाहमधील विस्तीर्ण वनप्रदेशांवर पुढे तेल-ताडाचे मळे उभे राहिले. हा युक्तिवाद एकांगी घेता येत नाही; कारण लाकूडतोडीसाठी काढलेले रस्तेच बहुधा पुढच्या मळ्यांची वाट मोकळी करतात. आंतरराष्ट्रीय लाकूड संघटनेच्या शिष्टमंडळाने १९९० मध्ये सारावाकची सातत्यपूर्ण तोड वर्षाला सु. ९२ लाख घ.मी. असावी असे सुचविले, तेव्हा प्रत्यक्ष तोड जवळजवळ दुप्पट होती.

अप्रत्यक्ष परिणाम अधिक लक्षणीय आहेत. नगर परिषदांच्या ठरावांनी व्यापाऱ्यांना मालाच्या उगमाविषयी उत्तर देणे भाग पाडले आणि हा प्रश्न विचारण्याचा गिऱ्हाइकाचा अधिकार रूढ केला. सातत्यपूर्ण व्यवस्थापनाखालील उष्ण कटिबंधीय अरण्यांचे क्षेत्र २००५ मध्ये ३.६४ कोटी हेक्टर व २०१० मध्ये ५.३३ कोटी हेक्टर असल्याचा लाकूड संघटनेचा अंदाज आहे. १९८९ च्या आकड्याशी त्याची तंतोतंत तुलना करता येत नाही. कारण त्यात संरक्षित अरण्येही धरली आहेत. तरीही वाढ स्पष्ट आहे, आणि कायम वनसंपत्तीच्या सु. ७ टक्केच क्षेत्र असे आहे, हेही तितकेच स्पष्ट आहे. खरेदीच्या अटीने अरण्याचा मालक, त्यातील रहिवासी व तेथील शासन यांच्यातील संबंध बदलत नाहीत. वनवासींच्या जमिनीवरील हक्काचा निर्णय ज्या त्या देशातच व्हावा लागतो. नगरपालिकेच्या हाती एवढेच असते, की आपल्या धक्क्याचा खांब वा उद्यानातील बाक कोठून व कशा रीतीने आला, याची नोंद आपल्या दप्तरात ठेवणे आणि ती नोंद मिळत नसेल तेथे खरेदी थांबविणे.